आधी त्या बाईंना

माझ्या बायकोच्या मामांना बसायला सांगणं, याइतकं जोखमीचं काम अख्ख्या डहाणू तालुक्यात नसेल. रेल्वेतून निवृत्त होऊन वाणगावात स्थायिक झालेला हा गृहस्थ, आसपास एक जरी माणूस उभा असला किंवा जमिनीवर बसलेला असला, तरी खुर्चीला टेकत नाही. वरोरच्या एका लग्नात बँडवाले जेवल्याशिवाय पानावर बसणार नाही म्हणून अडून राहिले आणि मामी बिचाऱ्या बासुंदीकडे बघत ताटकळल्या. देव मानत नाहीत, पण सत्यनारायणाचा शिरा दोनदा मागून घेतात. "शिऱ्याशी माझं भांडण नाही," म्हणतात. कुणी कुणाचा जात-धर्म विचारला की मात्र उखडतात. "माणूस म्हणून जन्माला आला ना? मग आणखी कुठला दाखला हवा?" मी पडलो कचेरीतला कारकून, पोटापाण्यासाठी दाखलेच मागणारा. हे बोलणं मलाच उद्देशून असावं, असा संशय मला कायम यायचा.

एकदा ते सहज आमच्या कचेरीत डोकावले. मी रेशनकार्डांच्या टेबलावर होतो. घाईघाईने खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "आधी त्या बाईंना." दाराशी गंजाडकडच्या एक आजी उकिडव्या बसल्या होत्या. रेशन बंद झाल्यापासून तीन महिन्यांत त्यांची ही चौथी खेप, आणि मी दर वेळी जागेवरूनच "पुढच्या सोमवारी या" म्हणून वाटेला लावत होतो.

"मामा, त्यांना खालीच बसायची सवय असते," मी हळूच म्हणालो.

"ती सवय आपण लावली, जावईबापू." मामांना हळू बोलता येत नाही. अख्खी कचेरी वळून बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फायलींनी भरलेली एक खुर्ची रिकामी केली. आजी पदराने ती पुसून काठावर टेकल्या आणि समोरासमोर आल्यावर पहिल्यांदाच सगळं बोलल्या. "दुकानवाला सांगते, आजी, तू मेलीस. मी तं जिती हाय ना?"

मला हसू आलं. मग यादी उघडली आणि हसू पळालं. त्यांच्याच नावाची शेजारच्या पाड्यावरची बाई वारली होती, आणि मी नाव कमी केलं होतं ते यांचं. तीन महिने या आजी दुसऱ्यांच्या घरी मागून जेवत होत्या. दुपारपर्यंत साहेबांची सही घेऊन मी नाव परत चढवलं आणि हात जोडून माफी मागितली. मामा तोवर खिडकीशी उभेच होते, कारण एव्हाना रांगेत आणखी चार माणसं उभी होती.

आता मामांचं बाहेर पडणं थांबलंय. रविवारी वाणगावला जातो तो आभाराचे दोन शब्द ठरवूनच. ते चिकूच्या फोडी पुढे करून विषय बदलतात. म्हणून इथे लिहून टाकतो. मामा, तुम्ही आला नसतात तर त्या आजी माझ्या यादीत मेलेल्याच राहिल्या असत्या, आणि मी रोज पोटभर जेवलो असतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. निघताना आजी टेबलावर वाकून मला म्हणाल्या, "तुजा नाव काय, पोऱ्या?" अकरा वर्षांच्या नोकरीत टेबलापलीकडून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, तर आजींनी ते दोनदा म्हणून पाठ करून घेतलं.