खेळातल्या बाईचा चेहरा

ती गोष्ट आठवली की आजही मी उठून दार बघून येतो. अमेरिकेत दाराला कडी नसते, बटणांचं कुलूप असतं. तरी बघतो.

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. शिक्षण सातवी. ही केस मात्र नोकरीतली नाही, मी ती कुठल्या ठाण्याच्या डायरीत लिहिली नाही. बायको गेली, गावचं घर खायला उठलं, म्हणून मुलानं मला टेक्सासात फ्रिस्कोला आणलं. तिथे आमच्याच घरात हे घडलं. नावं लिहीत नाही.

माझी सून नोकरी करते, घर बघते आणि संध्याकाळी कानाला हेडफोन लावून गोळीबाराचा गेम खेळते. आधी मला वाटलं, ही भिंतीशी बोलते. मग कळलं, पलीकडे ठिकठिकाणची माणसं असतात आणि ही त्यांच्या टोळीची म्होरकी. बाईचा आवाज ऐकला की काही पुरुष वाटेल ते बोलत. ‘किचनमध्ये जा’ हे त्यातलं सभ्य. आणि गेममधल्या बायका तरी कशा? लढाईला निघालेल्या, पण अंगावर चिंधी. मी विचारलं, "हिला गोळी लागली तर गं?"

ती हसली. "बाबा, तिला गोळी लागायची नसते. तिच्याकडे बघायचं असतं."

संक्रांत होऊन थोडे दिवस झाले आणि खबर आली. खबर देणारी तिच्या टोळीतलीच एक बाई, दूरच्या राज्यात ट्रक चालवते. दोघींची ओळख व्हिडिओवरची. तिनं कळवलं, गेममधल्या एका बाईच्या धडाला कोणीतरी तुझा चेहरा लावलाय, कपडे काढलेत, आणि ती फाइल लोक उतरवून घेतायत.

सुनेनं रोजच्यासारखं दिवसभर ऑफिसचं काम उरकलं. संध्याकाळी तव्यावर पोळी जळून धूर झाला, घरातला अलार्म बोंबलायला लागला, आणि ही तिथेच उभी. खात्यात पाहिलेलं सांगतो. रडणाऱ्या माणसात अजून जोर असतो. गप्प उभं राहिलेल्याची काळजी करावी. मी शेगडी बंद केली, तिला बसवलं, पाणी दिलं. हे काम माझ्या बायकोला चांगलं जमलं असतं. ती नव्हती, म्हणून मी केलं.

तिनं खबर सांगितली तसं मी म्हटलं, "दाखव मला."

"बाबा, तुम्हाला नाही दाखवू शकत मी."

"मला बाई बघायची नाही, पुरावा बघायचाय. चेहरा तेवढा ठेव, बाकी झाक."

तिनं ओट्यावरचा टॉवेल लॅपटॉपवर टाकला. वर फक्त तोंड राहिलं. तिचंच. खाली लोकांनी काय लिहिलंय ते तिनं वाचून सांगितलं, मधलं मधलं गाळून. एकानं आमच्या शहराचं नाव टाकलं होतं. दुसऱ्यानं विचारलं होतं, घर कोणतं?

मी उठून खिडकीचा पडदा ओढला. गावात कोणी दारावर आलं तर मी ओरडलो असतो, आळी धावली असती. इथे समोरच्या घरातल्या माणसाचं तोंडही मला नीट माहीत नाही. रस्त्यावर गाडी हळू झाली की मी पडद्याआड. सूनही. एकमेकांना दिसू नये म्हणून दोघं वेगळ्या खिडकीत.

मी तो चेहरा पुन्हा बघितला. टिकलीच्या खाली हळदीचं बोट होतं, त्यावर कुंकू, थोडं नाकावर सांडलेलं.

"हळद कधी लावतेस तू?"

"कधीच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लावली तेवढीच."

त्या दिवशी खालच्या खोलीत पुरुष नव्हता. मुलगा आलेल्या बायकांच्या नवऱ्यांना घेऊन बाहेर गेला होता, मी वर माझ्या खोलीत. म्हणजे फोटो बाईनं काढलेला. ग्रुपवर आलेले सगळे फोटो सुनेनं तपासले. हा त्यात नव्हता. मग तिला आठवलं. नागपूरची एक नवी मुलगी, नुकतीच लग्न होऊन आलेली, हळद लावून म्हणाली होती, ‘ताई, हलू नका, मस्त दिसताय.’

मुलगा तावातावानं उठला. "मी आत्ता फोन करून विचारतो तिला."

"बस खाली," मी म्हटलं. "साक्षीदाराला आरोपीसारखं विचारलं की साक्षीदार जातो."

दुसऱ्या दिवशी तिला चहाला बोलावलं. आली बिचारी आनंदात, सोबत डब्यात चिवडा. सुनेनं विचारलं तशी लगेच म्हणाली, "हो ताई, मीच काढला. पण कोणालाच नाही पाठवला. आमच्या घरी टीव्हीवर फोनमधले फोटो आपोआप येत राहतात ना, तिथेच…"

बोलता बोलता थांबली. टीव्ही बघणारं घरात दुसरं कोण, ते तिचं तिलाच कळलं. मग विचारलं, "झालं काय आहे?" सुनेनं टॉवेलसकट दाखवलं. पोरीनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

तिचा नवरा तिला न्यायला आला. चांगला मुलगा, मला मंदिरात सोडायचा. मी त्याला गॅरेजमध्ये खुर्ची दिली. मुलाला सांगितलं, तू मध्ये तोंड घालायचं नाही.

"काका, एवढं सीरियस काय?"

"गेमबद्दल विचारायचंय. सुनेचं कोणीतरी घाणेरडं चित्र केलंय."

"अरे बापरे. कोणी केलं?"

चोराला चोर म्हटलं की तो गप्प बसतो. अनाडी म्हटलं की बोलतो. मी म्हटलं, "कोणीतरी कच्चं पोरगं असणार. तोंड नुसतं चिकटवलंय. मान हलली की सुटून येतं."

"सुटत नाही काका," तो म्हणाला. "मान पूर्ण रिग केलेली आहे, धडाबरोबर वळते."

मग त्याचंच त्याला ऐकू आलं.

अशा वेळी पुढचं विचारायचं नसतं, बोलायचं नसतं. मोकळी जागा आरोपीच भरतो. त्यानं भरली. "गेम आहे यार काका. रिअल थोडीच आहे? ताईंनी मला टीममधून काढलं, सगळ्यांसमोर. त्यांना माहीतपण नव्हतं तो मी आहे, मी दुसऱ्या नावानं खेळतो. बायकांच्या ऑर्डर ऐकायच्या, वरून इन्सल्ट. म्हटलं, जरा मजा करू. नाव नाही टाकलं मी. फक्त सिटी टाकली."

"फक्त," मी म्हटलं.

त्यानं तिथेच फाइल काढून टाकली. सुनेनं ट्रकवाल्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, फाइल दुसरीकडे चढलेली आहे, तिसरीकडेही. खात्यात आम्ही मुद्देमाल हस्तगत करायचो, सील लावायचो, कोर्टात हजर करायचो. हा मुद्देमाल कसा हस्तगत करणार? तो चोरही आता परत देऊ शकत नव्हता.

त्या दोघांची गाडी गेली आणि मुलगा फिरला. "बाबा, पोलिसात गेलो तर त्याचा व्हिसा जाईल. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना कळेल. आम्ही तोंड कसं दाखवायचं?"

"तोंड हिचं दाखवलंय, तुझं नाही. फिर्यादी ती आहे. ती ठरवेल."

सून जाऊन दाराचं कुलूप बघून आली. मग म्हणाली, "घर कोणतं, असं विचारलंय त्यांनी. मला घरात भीती वाटते, बाबा. मी पोलिसात जाणार."

सकाळी गाडी काढली तर आमच्या दारात ती नागपूरची पोरगी उभी. रात्री झोपली नव्हती, दिसतच होतं. सुनेनं काच खाली केली.

"ताई, पोलिसात जाताय ना? फोटो मी काढलाय. मी येते."

"तुला माहितीय ना, कोणाविरुद्ध बोलायचंय ते?"

"माहितीय." ती मागे माझ्याशेजारी बसली आणि पट्टा लावायला लागली. खटका बसेना. मी लावून दिला.

ठाण्यात एका बाई अंमलदारानं लिहून घेतलं. नातं विचारलं तेव्हा त्या पोरीनं मान खाली न घालता सांगितलं, आरोपीची बायको.

या केसनं काय शिकवलं? आयुष्यभर मी दारं-खिडक्या तपासल्या. कुठून शिरला, पाऊल कुठे उमटलं. आणि हा माणूस आमच्याकडे चहा पिऊन, पायातले बूट दाराबाहेर काढून, मला काका म्हणून गेलेला. बाईचा हुकूम त्याला खेळातसुद्धा सोसला नाही. असली माणसं मी गावात पाहिली होती, मला वाटायचं शिकलं की जातं. जात नाही.

तपास चालू आहे. चेहरा अजून कुठेकुठे फिरतोय. सून आता पुन्हा खेळते, आवाज बदलायची सोय असताना स्वतःच्याच आवाजात. ती खेळायला बसली की मी खाली जिन्यापाशी खुर्ची टाकून बसतो. उपयोग काही नाही, मला कळतं. पण ड्यूटी लावली आहे तोवर उठायचं नाही.