माझ्या दाराचं लोकेशन

आई कॉलनीतल्या काकूंच्या घराच्या पायरीवर बसली होती. काकू आतून आल्या. "इथं कोण बसलंय? उठा, उठा. गेटबाहेर थांबा."

आई गुडघ्यावर हात देऊन उठली. काकूंनी तांब्याभर पाणी आणून पायरीवर ओतलं. मग बाजूला ठेवलेली तेलाची पिशवी उचलून घरात नेली. ती मीच भरली होती, मीच उचलून आणली होती. तिला विटाळ झाला नाही.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "आई, थांब की जराशी बाहेर." हे वाक्य माझंच आहे. ते मी कुणाच्या माथी मारू शकत नाही.

हिंगोलीत आमच्या भागातल्या बाया मोबाइलवर एका कंपनीकडून एकत्र माल मागवतात. तेल, साखर, डाळ, भाजी. टेम्पो सगळा माल एकाच ठिकाणी उतरवतो आणि तिथून ज्यानं त्यानं आपली पिशवी न्यायची. त्याला पॉइंट म्हणतात; तिथं पिशव्या भरून देणाऱ्याला कंपनी कमिशन देते. पॉइंट मी घेतला होता. माझ्या घरी, विहाराच्या मागच्या गल्लीत.

कॉलनीतल्या बायांनी भरभरून ऑर्डरी दिल्या. मग नकाशावर माझं घर दिसलं. एकही बाई आली नाही. कोथिंबीर माझ्या घरात सुकली. रोज सकाळी मैदानाला पाच चकरा मारणाऱ्या बायांचे पाय दोन गल्ल्यांत दुखायला लागले!

माल कुणी नेला नाही की कंपनी पॉइंट बंद करते. तेव्हा काकू म्हणाल्या, "आमच्या पार्किंगमधे कर की पॉइंट. तुलाही बरं, आम्हालाही." मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाची बाई. मी लोकेशन माझ्या बोटानं उचललं आणि त्यांच्या गेटवर ठेवलं. माझं घर मीच पुसलं.

वर्ष झालं त्याला. पाण्याची बाटली घरून न्यायची. लघवीला लागलं तर घर गाठायचं. काकू ग्रुपवर लिहायच्या, "आमच्याकडे माल आलाय." आमच्याकडे म्हणे! सगळं दिसत होतं. पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिकलेली बाई मी, दुसरं काम कुठं होतं? तोंड दाबून पिशव्या भरत राहिले.

त्या दिवशी आई शिरड शहापूरहून आली होती. घराला कुलूप बघून विचारत विचारत पार्किंगपर्यंत पोचली. परत जाताना विहारापाशी थांबली आणि म्हणाली, "मेहनत तुही. मंग आपुन बाहेर काहून?"

"आई, त्या बाया आपल्या गल्लीत येत न्हाईत."

"न्हाई आल्या तं न्हाई आल्या. तू काहून गेलीस?"

मला राग आला. आधी तिचा. मग माझाच.

घरी आले, ओट्यावर बसले आणि लोकेशन परत माझ्या दारात आणलं. थोड्या वेळानं काकूंचा फोन आला. "अगं, तिकडं कोण येणार? पॉइंट बुडेल तुझा."

"ज्याला तेल पाहिजे तो येईल," मी म्हणाले.

पहिल्या खेपेला चौघी आल्या. तिघी आमच्याच गल्लीतल्या. बाकीच्या पिशव्या भिंतीला टेकून पडल्यात. कंपनीचा माणूस दोनदा बजावून गेलाय. सुटले, असं मी म्हणणार नाही. भीती वाटते, रोज वाटते.

पण लोकेशन आता हलणार नाही. बंद पडायचाच असेल तर पॉइंट माझ्या दारात बंद पडेल.