चादरीतली बेस गिटार

कोकण रेल्वे अजून पूर्ण व्हायची होती, तेव्हाची गोष्ट. रोह्याहून पेणला येताना शेजारी एक ऑर्केस्ट्रावाले बसले होते. मांडीवर चादरीत गुंडाळलेली जुनी बेस गिटार. पेणच्या एका वादकाकडे तिच्याहूनही जुनी बेस होती. तिच्याशी ही बदलायला ते निघाले होते.

"तिचा आवाज भारी हाय," ते म्हणाले, "पण माझी मला सांभाळून घेते. चुकलो तरी कोणाला कळत नाय."

"मग नका देऊ."

"शब्द दिलाय ना."

नागोठणं गेलं तशी त्यांनी चादरीची गाठ आणखी आवळली.

पेणच्या फलाटावर तो वादक रिकाम्या हातांनीच उभा होता. "माफ करा, माझी काय मला देववत नाय," तो ओशाळून म्हणाला.

यांनी चेहरा जमेल तितका पाडला आणि आम्हा दोघांनाही आग्रहानं चहा पाजला.