गोंधळात मंजूर

महापालिकेच्या सभेत काल दोन नगरसेवक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. विषय होता टेकडीपलीकडच्या वस्त्यांची सवलतीची बस बंद करण्याचा. एकाने माईक उपटला, दुसऱ्याने महापौरांसमोरचा राजदंड पळवला. झटापटीत पाण्याचा ग्लास फुटला आणि पहिल्याच्या तळहातातून रक्त ठिबकू लागलं.

प्रेक्षक गॅलरीत माझ्या शेजारच्या बाई नवऱ्याला त्याच बसने डायलिसिसला आणतात. “आपल्यासाठी किती भांडतायत बघा,” त्या भारावून म्हणाल्या.

त्या आरडाओरड्यात महापौरांचे ओठ जरासे हलले. “विषय मंजूर.” बस बंद झाली. त्यासाठी त्यांना आवाजही चढवावा लागला नाही. हिंसा म्हटली की आपण फुटलेल्या काचेकडे बघतो, आणि काच तर शिपाई लगेच झाडून नेतो.

बाहेर पडलो तेव्हा ते दोघे एकाच टपरीवर हसत चहा पीत होते. बाईंनी पट्टी बांधलेल्या नगरसेवकाला वाकून हात जोडले.

“साहेब, आमच्यापायी लागलं तुम्हाला.”

“चालायचंच, मावशी. काळजी करू नका,” तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच मला एक ग्लास फोडावासा वाटला. त्याच्या हातातला, चहासकट.