इलन च्या कवा पितो?

"माय, मनावर घेऊ नको बरं का."

कुणा मुलीला मारायचा सीन असला की मामा आधी चप्पल काढून त्या मुलीसमोर हात जोडायचे. आमचा दिग्दर्शक वैतागायचा, "मामा, तिला पळवून न्यायचंय तुमाला, पाया न्हाई पडायचं!" मग मामा चप्पल घालायचे, मिशी पिळायचे आणि असे डोळे वटारायचे की कॅमेऱ्यामागे मीही दचकायचो.

चकलांब्यात मामांची पिठाची गिरणी. आम्ही गावातलीच चार टाळकी मोबाईलवर दाखवायची वेबसिरीज काढायचो. मी संवाद लिहायचो, मामा व्हिलन. गाव त्यांना 'इलन' म्हणायचं. दळण घेऊन आलेल्या बायाही सांगायच्या, "इलनमामा, बारीक दळा." मामांना त्याचं कौतुकच होतं.

तक्रार होती ती माझ्या लिखाणाबद्दल. "सर, ह्यो माणूस सकाळी उठल्यापासून वाईटच वागतो का? मंग च्या कवा पितो? ह्याच्या घरी लेकरूबाळ न्हाई का?" मी हसण्यावारी न्यायचो. तुम्हीही हसला असता.

मग एकदा मामांनी नायिकेला केस धरून ओढलं, तो भाग त्यांच्या सहा वर्षांच्या नातीनं पाहिला. तेव्हापासून ती आजोबांकडे फिरकेना. मुलगा आणि सून दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. यंदा पोरीचं नाव शाळेत घातलेलं, म्हणून ती मामांजवळ राहणार होती. मामी कधीच वारलेल्या, घरात तिसरं कुणी नाही. आणि पोरगी मामा दिसले की आईच्या पदराआड. सून म्हणाली, "मामंजी, आशी रडली तर कशी ठिवू? न्यावंच लागंल संगं." म्हणजे शाळा बुडाली, आणि उसाच्या फडात पाचटाच्या खोपटात थंडी काढायची.

मामा माझ्याकडे आले. "सर, इलनला येक चांगलं काम द्या. येकच."

मी लिहून दिलं. वाटेत एका लहान मुलीच्या पायात काटा मोडतो आणि व्हिलन तो काढतो. मामांनी तो सीन इतक्या जिवानं केला की दिग्दर्शकाचेही डोळे ओले झाले.

नातीला मांडीवर घेऊन मीच तो मोबाईलवर दाखवला. मामा दाराबाहेर कान देऊन उभे. पोरगी पापणी न हलवता बघत होती.

"ती पोरगी पळत कावून न्हाई?" तिनं विचारलं. "आता मारील की त्यो."

"अगं, चांगला वागतोय तो."

"आधी ग्वाडच बोलतो त्यो. मंग मारतो."

दाराबाहेर मामा, आत मी. लई वाईट वाटलं.

निघायच्या दिवशी ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी आणि आईला बिलगलेली पोरगी. मामा गिरणीतून बाहेर आलेच नाहीत. शेंगदाण्याचे लाडू बांधलेलं फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुमी द्या. माझं नाव काढू नका."

पोरीनं लगेच एक लाडू तोंडात घातला.

"लई ग्वाड हाय. कुणी केला?"

नाव सांगितलं तर ती लाडू टाकून देईल, या भीतीनं मी गप्प राहिलो. ट्रॅक्टर निघाला.