धोट्याला लावलेलं तोंड

मालकानं तो धोटा चिमट्यानं उचलला. रंगाच्या भट्टीतले निखारे सारायचा लांब चिमटा होता, त्यानं. मला आधी कळलंच नाही काय चाललंय. मी येड्यासारखा दात काढत उभा होतो. बंद पडलेला माग मी चालू केला होता ना. वाटलं, शाबासकी मिळेल.

"तोंड लावलंस?" मालकानं विचारलं.

"व्हय मालक. नरसय्याला चक्कर आली. दोरा सुटला हुता."

मालकानं धोटा भट्टीत टाकला. चांगला लाकडी धोटा, वापरून वापरून तेलकट झालेला. लगेच पेटला. मग मला म्हणाले, "तू कांड्या भर. तुझं काम तेवढंच."

सगळा कारखाना बघत होता. नरसय्या, ज्याचा माग होता तो विणकर, भिंतीला टेकून पाणी पीत होता. त्यानं मान खाली घातली.  मी खाली बसलो आणि कांड्या भरायला लागलो.

सोलापुरात चादरी कशा होतात ते सांगतो, म्हणजे समजेल. आडवा दोरा घेऊन मागात इकडून तिकडं पळतो तो धोटा. त्यात सुताची कांडी बसवायची. धोट्याच्या अंगाला एक बारीक भोक असतं. दोऱ्याचं टोक त्या भोकातनं बाहेर यावं लागतं. हातानं ते येत नाही. भोकाला तोंड लावायचं आणि दम घेऊन ओढायचं. दोरा जिभेवर येतो. कांडी संपली की पुन्हा तेच. पाळी बदलली की तोच धोटा दुसरा माणूस तोंडाला लावतो. मराठा लावतो, तेलुगू लावतो, मुसलमान लावतो. त्यात कुणाला उष्टं वाटत नव्हतं. फक्त आमचं तोंड चालत नव्हतं.

आणि गंमत बघा. त्या कांड्या मीच भरायचो. सगळं सूत माझ्या बोटांतनं जायचं. तेच सूत ते दिवसभर जिभेवर घ्यायचे. माझा घाम चालत होता, थुंकी चालत नव्हती. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होतो. बापानं घरातले देव पाण्यात सोडले. पण कारखान्यात आमची जुनीच जात चालू होती.

मला मागावर बसायचं होतं. बाकी काही नाही. विणकराला नावानं हाक मारतात. कांडीवाल्याला 'ए' म्हणतात. मला काम येत होतं, बघून बघून शिकलो होतो.

त्यात आणीबाणी आली. मालक सरकारच्या विरोधातल्या पक्षाचे. त्यांना धरून नेलं. बरेच महिने आत होते. सुटून आले तेव्हा वाळले होते. गळ्यात हार घालून मिरवणूक निघाली. मला खरंच वाईट वाटलं होतं त्यांच्यासाठी. मग निवडणूक लागली, आणि मालक आमच्या वस्तीत आले. कधी नव्हे ते. आमच्या बाजेवर बसले. आईनं चहा दिला, तो प्याले. निवडणुकीत विटाळ सुटीवर जातो.

मालक म्हणाले, "तुरुंगात आम्ही सगळ्या पक्षांचे, सगळ्या जातीचे एका ताटात जेवलो. आता जातपात राहायची नाही. आपलं सरकार येऊ दे. तुला मागावर बसवतो. माझा शब्द."

मी विश्वास ठेवला. कुणी म्हणेल मूर्ख होतास. होतोच. वस्तीत घरोघर फिरलो. आपली मतं पिढीजात सत्तेवाल्यांकडं जातात, एकदा मालकाच्या पक्षाला टाकून बघू, असं सांगत फिरलो. म्हातारी माणसं ऐकेनात. एक आजी म्हणाली, "आरं लेकरा, दोगं बी एकाच आळीचं." आई मात्र म्हणाली, "दगडापरीस ईट मऊ. टाकू की." माझ्या शब्दावर लोकांनी मतं फिरवली. त्यांनी मालकाला नाही, मला मत दिलं होतं.

मालकाच्या पक्षाचा उमेदवार आमच्याकडं पडला. पण दिल्लीतलं सरकार गेलं. जिंकलेले चार-पाच पक्षांचे लोक. मग पंतप्रधान कोण, यावर त्यांचे रुसवेफुगवे. कारखान्यात दिवसभर रेडिओ. शेवटी एकदाचं ठरलं, शपथ झाली, आणि मालकानं सगळे माग बंद करून आम्हाला फाटकापाशी बोलावलं. गुलाल, पेढे. मालक खुर्चीवर उभे राहून बोलले. "कालपर्यंत जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते आज एका पंगतीत बसलेत." टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त मी वाजवल्या.

मग मालक हातानं पेढे वाटायला लागले. सगळ्यांच्या हातावर ठेवत आले. माझ्यापाशी आल्यावर हात वर झाला. पेढा वरनं सोडला.

मी म्हणालो, "मालक, माझं मागाचं?"

मालक हसले. "अरे, सरकार दिल्लीत बदललंय. कारखान्यात नाही."

लोक हसले. नरसय्या हसला नाही, हे मी बघितलं. माझ्या हातात पेढा होता. तो मी तिथंच जमिनीवर ठेवला आणि आत गेलो.

आत सामसूम. मी पहिल्या मागापासनं सुरुवात केली. धोटा काढला, दोरा आत ढकलला, तोंड लावलं, ओढला. धोटा परत जागेवर. दुसरा माग. तिसरा. तोंडात सुताचे तंतू, खळ, रंगाची कडू चव. घाई केली नाही. प्रत्येक धोटा नीट ओढला. 

नरसय्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या भाषेत हळूच म्हणाला, "वद्दुरा." नको रे. पण आडवा आला नाही. मालकाला हाकही मारली नाही.

शेवटचा धोटा कमरेला खोचला आणि बाहेर आलो. गुलाल अजून उडत होता.

"मालक," मी म्हणालो, "सगळ्या धोट्यांना तोंड लावलंय. एक न् एक. पेटवा भट्टी."

मालकाचं तोंड पांढरं पडलं. एकानं माझी कॉलर धरली, दोन-चार ठेवून दिल्या. ओठ फुटला. फाटकाबाहेर ढकललं. मी मागं वळून बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात नरसय्या बाजारात भेटला. मी विचारलं, भट्टी पेटली का. तो म्हणाला, "कुटलं काय. चादरीचा माल द्यायचा हुता. बादलीत बुडवून काढलं धोटं. दुसऱ्या दिवशी सगळं माग चालू." मग म्हणाला, "मी तर धुतला बी न्हाय."

त्या दिवशी मला कळलं. विटाळ वगैरे काही नव्हतं. एक धोटा जाळायला परवडत होता, एवढंच.

मला पुन्हा कुठल्याच कारखान्यानं घेतलं नाही. हमाली केली, विटा वाहिल्या. आई त्यातच गेली. दिल्लीतली ती पंगतही उठली, एकमेकांची ताटं ओढून. पुन्हा निवडणूक लागली. मालक नवा झेंडा घेऊन वस्तीत आले. माझ्याच दारात. हात जोडलेले.

मी आत जाऊन त्या दिवशी खोचून आणलेला धोटा काढून आणला. कांडी घातली. भोकाला तोंड लावून दोरा ओढला, त्यांच्या देखत. मग टोक पुन्हा आत सारलं आणि धोटा त्यांच्या पुढं धरला.

"आता तुमी ओढा. तोंडानं."

मालक धोट्याकडं बघत राहिले. "जुनं काय घेऊन बसलास," म्हणाले.

"नवं काय आणलंय तुमी?"

ते गेले. वस्ती बघत होती. मी सगळ्यांना तिथंच सांगितलं, मागच्या खेपेला माझ्या शब्दावर मतं दिलीत, मी फसलो, तुम्हाला फसवलं. आता कुणाचा शब्द घ्यायचा नाही. झेंडा कुठलाही असो, जो मत मागायला येईल त्याच्या पुढं हा धोटा धरायचा. चहा द्यायचा नाही, बाज टाकायची नाही. आधी धोटा.

तो फळीवर आहे. कांडी भरून ठेवली आहे.