अक्षर हलू नये म्हणून सोडलेली हवा

माझे सासरे मला पोतं म्हणायचे. घरात नाही, पेट्रोल पंपावर, चारचौघांत. हवा भरणारा विचारायचा, "मागं किती टाकू?" आणि सासरे सांगायचे, "मागं पन्नास किलोचं पोतं हाय, त्या हिशेबानं टाक." पोतं म्हणजे मी. दोन पावलं बाजूला, तोंडाला ओढणी गुंडाळून उभी. सुनेचं वजन सासऱ्यानं विचारायचं नसतं आणि सुनेनं आपणहून सांगायचं नसतं. माझं वजन तेव्हा अठ्ठावन्न होतं. वरचे आठ किलो मी मुकाट्यानं गिळले.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न झालं. नवरा लातूरला डाळमिलमध्ये, घरी यायचा तो रविवारी. आमचं गाव नांदेड-लातूर रस्त्यापासून आत, आणि कॉलेज विष्णुपुरीला, तीस-पस्तीस किलोमीटरवर. गावात येणारी सकाळची बस तेव्हा बंद झाली होती. लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी एकच अट घातली होती आणि मामा म्हणाले होते, "पोरीचं शिक्षण पुरं करून देतो. माझा शब्द हाय." बैठकीत माणसं काय वाटेल ते कबूल करतात आणि हात धुतले की विसरतात. मामा विसरले नाहीत. लग्नाच्या पंधराव्या दिवशी मोटारसायकल पुसून दारात उभी होती.

त्या गाडीवर आम्ही दीड वर्ष ये-जा केली आणि दीड वर्षात जेमतेम शंभर वाक्यं बोललो असू. मी एका बाजूला पाय सोडून बसायची. आमच्या दोघांच्या मध्ये माझी बॅग, भिंतीसारखी. मामांशी बोलता येत नाही म्हणून मी वाचायची. फॉर्म्युल्यांचे कागद झेरॉक्स करून घेतले होते, ते एका हातात धरायची आणि दुसऱ्या हातानं मागची दांडी. फाट्यापर्यंतचा रस्ता इतका उखडलेला होता की वाचलेलं अर्धं डोक्यात जायचं आणि अर्धं तुरीच्या रानात सांडायचं.

सगळे विषय सुटले, एक गणित सोडून. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारा, किती जण यात अडकतात. दोनदा नापास झाले. तिसऱ्या खेपेला फॉर्म भरला तेव्हा सासूबाई चुलीपुढूनच म्हणाल्या, "आता सुटला तर सुटला. न्हाई तर बास. लोकांला किती दिवस तोंड द्यायचं?" मामा उठून गाडी पुसायला गेले. म्हणजे तो एक पेपर गेला की माझी डिग्री गेली आणि मामांचा शब्दही गेला.

पेपरच्या दिवशी थंडी होती. दहाचा पेपर, आम्ही आठला निघालो. फाट्यापर्यंत मला जाणवलं की आज गाडी मऊ चालतेय. कागदावरचं अक्षर जागच्या जागी राहतंय. मला वाटलं, शेवटच्या दिवशी देवालाच दया आली. दाब म्हणजे काय ते मी परीक्षेत आकृतीसकट लिहून मार्क मिळवले होते, पण आपण ज्या चाकावर बसलोय त्याच्याकडं खाली मान घालून बघावं, एवढं सुचलं नाही.

मोठ्या रस्त्याला लागून थोडंच अंतर गेलो असू. समोरून ट्रक आला, मामांनी गाडी कडेला घेतली आणि मागचं चाक एका धारदार खड्ड्यात आपटलं. दोन मिनिटांत गाडी मागून हलायला लागली. टायर पार बसला होता. मामांनी येणाऱ्या दोन जीपना हात केला. दोन्ही खच्चून भरलेल्या, एकही थांबली नाही. मग ते गाडी ढकलत आणि मी बॅग घेऊन मागं, असे आम्ही किलोमीटरभर चाललो. मामा एकदाही माझ्याकडं वळले नाहीत. मला वाटलं चिडले असतील.

पंक्चरच्या दुकानात एक म्हातारे चाचा होते. त्यांनी ट्यूब बाहेर काढली, हवा भरून पाण्याच्या टबात बुडवली आणि बोट ठेवून दाखवलं. शेजारी शेजारी दोन बारके काप, दोन्हींतून बुडबुडे.

"पाटील, ह्यो खिळा न्हाई," चाचा म्हणाले. "खिळ्याचं एक भोक असतंय. ह्यो रिम अन् रस्त्याच्या मधी चेंगरल्याचा काप हाय. हवा किती व्हती?"

मामांनी उकिडवं बसून टायर आपल्याकडं ओढला.

"सोडली कुणी?"

"म्याच सोडली," मामा म्हणाले. "सकाळी. बाभळीच्या काट्यानं."

"कामून?"

मामांनी माझ्याकडं न बघता, जमिनीकडं बघून सांगितलं, "सूनबाई मागं बसून वाचती. लई गचके बसायलेत. आरशात दिसतंय मला, अक्षर हालतंय कागदावरलं. आज पेपर हाय तिचा. म्हनलं हवा कमी केली तर अक्षर हालायचं न्हाई."

मी दुकानाच्या ओट्यावर बसले होते, हातातले कागद मी मांडीवर ठेवले. दीड वर्ष मला वाटत होतं की हा माणूस फक्त रस्ता बघतो.

चाचा हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. ठिगळं लावता लावता ते शांतपणे म्हणाले, "मागं माणूस बसला की हवा वाढवायची असती, पाटील. वजन हवेवरच पेलतंय ना. एकट्याला अठ्ठावीस चालंल, दोघांला छत्तीस पाहिजे. गाडीवर लिहिलेलं असतंय ते उगं न्हाई. गचक्याची दवा हवेत न्हाई." मग त्यांनी पान्यानं मागचा शॉकअप तपासला. खताची पोती वाहायला मामांनी तो पार घट्ट करून ठेवला होता. चाचांनी तो दोन घरं सैल केला, चाकात मोजून छत्तीस हवा भरली आणि म्हणाले, "आता हळू चालवा. पन आजचा दिवस जरा जोरात न्या, उद्यापासून हळू."

कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. मी उडी मारून उतरले, पळणार तेवढ्यात मामा म्हणाले, "पोरी, चूक झाली माझ्यानं."

आमच्या घरातले पुरुष चूक कबूल करत नाहीत. पाऊस चुकतो, बियाणं चुकतं, सरकार चुकतं, बैलसुद्धा चुकतो, पण पुरुष चुकत नाही. आणि इथं पटका बांधलेला साठीचा माणूस, हाताला टायरचं काळं, सुनेपुढं उभा राहून असं बोलत होता. मी पळाले.

तो पेपर सुटला, हे इथंच सांगून टाकते. वाचणाऱ्याला टांगून ठेवण्यात मला मजा वाटत नाही. बावन्न मार्क पडले. त्या डिग्रीवर आज माझी नोकरी आहे. शिकवलं मला माझ्या आईवडिलांनी, पण शिक्षण पुरं करून दिलं ते मामांनी, आणि ते उपकार मी कशानं फेडणार, मला ठाऊक नाही.

पण त्या दिवशी निकाल कुणाला माहीत होता? संध्याकाळी मामा जेवायला बसले, मी वाढत होते. रस्त्यात आम्हाला गाडी ढकलताना कुणीतरी पाहिलं होतं आणि ती बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. सासूबाईंनी तव्यावरची भाकर तशीच ठेवली आणि त्या मामांवर तुटून पडल्या.

"पेपरच्या दिशी गाडी बघून काढता येत न्हाई? हवा बघितली न्हाई, टायर बघितलं न्हाई. लेकरू सहा महिने पहाटं उठून वाचायलंय. तिचं वरीस गेलं असतं म्हंजी?"

मी चपापले. 'न्हाई तर बास' म्हणणारी बाई हीच. मी पहाटे उठते ते त्यांना कळत होतं, आणि मोजलेही होते त्यांनी महिने. मला रडू यायला लागलं, मी पदरानं नाक पुसलं.

मामांचा घास हातातच राहिला. सकाळपासून ते नीट जेवले नव्हते. ते म्हणाले, "खरं हाय तुजं. हवा म्याच..."

सासरे बोलत असताना मी मध्ये कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"खिळा होता, आत्या. हा एवढा. मामांनी तरी काय करावं?"

आणि गरम भाकर त्यांच्या ताटात वाढली. मामांनी ती मोडली.

"हाव," ते म्हणाले, "खिळाच व्हता."